आत्ता नको

हेरंब म्हणाला, काकी, हा ब्राउझर बदल आता.
तीन पानं उघडली की चौथ्याला धाप लागते त्याला.
शिवाय तू काय बघतेस ते सांगत सुटतो कुणाकुणाला.
मी म्हटलं, मी काय बघते?
नौकांचे परवाने, डिझेलचा परतावा,
रेशनकार्डात सुनेचं नाव.
सांगू दे की.

पण खरं होतं ते.
मेतरांसाठी मुतखड्याचं औषध शोधलं एकदाच,
तर महिनाभर मुतखड्याच्या जाहिराती,
दहावीचा निकाल बघायला आलेल्या पोरींसमोरसुद्धा.

नवा उतरवायला चाळीस मिनिटं लागली.
निवतीत भरतीची वेळ तरी पंचांगात सापडते,
रेंजची सापडत नाही.
मग त्याने विचारलं, अगदी अदबीने:
जुन्यातलं सगळं इकडे आणायचं का?
वाचनखुणा, पासवर्ड, इतिहास, भरलेली नावं.
खाली दोन बटणं.
आणा.
आत्ता नको.

नऊ वर्षांचं काय काय असेल त्यात.
मी 'ख' टाकला की तो खवणेकरांचं अख्खं घर पुढे करायचा.
'ता' टाकला की तारी भिवा,
वय चोपन्न, नौका सागरलक्ष्मी, दोन सिलिंडर.
भिवाला जाऊन दोन वर्षं झाली.
वय चोपन्नच.

याच स्टुलावर बसून एकदा सांगत होता,
खाडीत शिरताना देवळाचा कळस नि मागच्या उंडीचा शेंडा
एका रेघेत आले की वाट बिनघोर.
उंडी तर वादळात पडली, मी म्हटलं.
"धा-बारा दिस चाचपडत इलंव.
आता टॉवर धरतंव."

मी 'आत्ता नको' दाबलं.
धाडस वगैरे काही नाही,
हेरंबची कुडाळची एसटी चुकत होती.

दुसऱ्या दिवशी माझ्याच दुकानात मी परकी.
बोट जायचं तिथे बटण नाही.
नुसत्या कोऱ्या चौकटी,
ज्याला त्याला विचारायचं, नाव काय, वाडी कुठली.
"गो, नऊ वर्सां येतंय, आता माझा नाव इचारतंस?"
लोक चिडले. मीही चिडले.
मेतरांनी जन्मतारीख मुद्दाम चुकीची सांगितली
नि अर्ज गेल्यावर हसले.

साडेअकराला ती आली.
परताव्याची कागदं पिशवीत, पिशवीला सुंगटांचा वास.
दर खेपेला मी 'ता' टाकायचे नि भिवा यायचा.
मी घाईघाईने खोडायचे, एकेक अक्षर,
ती तेवढा वेळ कॅलेंडरकडे बघत राहायची,
कॅलेंडर मागच्या वर्षीचं.

आज काहीच आलं नाही.
रेघ लुकलुकत राहिली.
अर्जदाराचं नाव? मी विचारलं.
नौका तिच्या नावावर होऊन वर्ष झालेलं,
आणि हे मी तिला
कधी विचारलंच नव्हतं.

ती स्टुलावर जरा पुढे सरकली.
"शेवंती."
मी टाकलं.
"वाच बघू मोठ्यान."
मी वाचलं.
मधलं नाव?
बाहेर बर्फाचा ट्रक मागे येत होता,
त्याचं ते टीं टीं टीं, संपेचना.
"मधला तसाच ऱ्हवांदे."
भिवा, मी लिहिलं.
अख्खं, हाताने, बऱ्याच वर्षांनी.

अर्ज गेला.
कोपऱ्यात एक चौकट उघडली:
ही माहिती लक्षात ठेवू का?
शेवंती दारात चपला शोधत होती.
मी हाक मारली,
गो, ह्यो इचारता, तुझा नाव लक्षात ठेवू काय?

"तेका कित्याक? तू ठेव,"
ती म्हणाली,
आणि तिसातले वीस टेबलावर ठेवून गेली,
दहा पुढच्या खेपेला.