पंच्याऐंशी मिलिमीटर

चिएर्ना नाद तिसौ. इथे रूळ बदलतो.
पूर्वेकडून येणारा पंच्याऐंशी मिलिमीटर जास्त रुंद,
माझ्या तळहाताएवढा. मी हात ठेवून पाहिलाय.

रात्रपाळीच्या खोलीत दोघी एकाच पडद्यामागे:
जुनी जावा, डब्यांची यादी सांभाळणारी,
आणि नवी जावास्क्रिप्ट, त्यांना रंग देणारी.
जावा म्हणते चौतीस, म्हणजे चौतीस.
पस्तिसाव्याचं नाव काढा,
ती सगळं काम थांबवते, लाल ओळींचा गुंता पार खालपर्यंत.
जावास्क्रिप्टचं तसं नाही. पस्तिसावा? घ्या की.
पन्नासावा? बसवा. मधे पोकळी राहिली तर राहू दे.
नसलेल्या डब्याबद्दल विचारलं तर खांदे उडवते.
दोघी शून्यापासून मोजतात, तेवढंच माझं नशीब.

काल तिने जावाच्या यादीला म्हटलं, मागे एक जोड.
उत्तर आलं: हे मला येत नाही.

बाहेर गेझा खनिजाचा डबा जॅकवर उचलत होता.
"आतल्या मालाला हात लावायचा नाही, दारिन्का.
चाकं बदलायची फक्त."

मग मी मधे एक दुभाषा बसवला.
लांबी विचारली, की तो आत जाऊन आकार विचारून येतो.
जोड म्हटलं, की मागच्या दाराने मोठी यादी आणतो,
एकेक डबा तिच्यात उतरवतो, गाजावाजा नाही.
यादीबाहेरचं मागितलं, तर लाल ओळी गिळून
नुसते खांदे उडवतो.

दोन रात्री गेल्या. एक गोष्ट मात्र वळेना.
कोडमधली एक ओळ तोंडावर विचारते: तू अॅरे आहेस का?
आणि इतकं सगळं शिकलेला माझा दुभाषा
सरळ म्हणतो, नाही.

गेझाला सांगितलं. तो थर्मासचं झाकण फिरवत राहिला.
त्याच्या ओळखपत्रावर गेय्झा आहे, आईने ठेवलेलं गेझा.
"खिडकीवर नाव विचारतात तेव्हा काय सांगतोस?"
"कागदावरचं. मग ते माझं काम विचारतात,
तिथे अडत नाही."

पहाटे चारला मी ती ओळ खोडली.
कोण आहेस, याच्या जागी लिहिलं: किती आहेत?

पस्तीस, उत्तर आलं.
पलीकडे अरुंद रुळावर
शेवटच्या डब्याची साखळी अजून हलत होती.