फिरली का?

शालिकमामाच्या दुकानात, मारेगाव रस्त्याला,
वार्निशच्या वासात माझा लॅपटॉप असतो.
नागपूरहून आणलेला, सेकंडहॅण्ड.
बॅटरी अशी की वायर निघाली, संपलं.
लिनक्स टाकलं. सगळं चाललं,
वायफाय तेवढं नाही.
चिप आहे. मागचे स्क्रू काढून पाहिली, आहे.
कर्नलच्या लेखी नाही.

"यादीत नाव नाई, तं घरकुल नाई,"
मामा म्हणाला, आणि तारेला लागला.

ड्रायव्हर आपणच बांधायचा असतो, हे मला नवं.
मोबाईलला केबल लावून
दीड जीबीतला एक घालवला, सोर्स उतरवला.
मेक. एवढंच लिहायचं. लिहिलं.
ओळी धावल्या, पंखा घरघरला,
मांडी तापली, आणि थांबलं सगळं:
हेडर नाहीत.
कोणाचे हेडर? कुठं ठेवलेत?
झोपले.

दुसऱ्या रात्री हेडर मिळाले,
पण शेवटचा आकडा निराळा.
माझ्या कर्नलचा एक्क्याण्णव, त्यांचा त्र्याण्णव.
दोनानं काय बिघडतं, म्हटलं.
बांधून झालं. वॉर्निंगा आल्या, त्या मी
पुलावरच्या 'वाहने सावकाश चालवा'सारख्या वाचल्या.
आत घालायला गेले, तर फॉरमॅट चुकीचा.

रेशनच्या मशीनवर मामाचा अंगठा असाच.
तार ओढून ओढून रेषा गेल्या,
मशीन म्हणते, तुम्ही शालिक भोयर नाही.
तो अंगठा शर्टाला पुसतो, फुंकर घालतो, पुन्हा ठेवतो.
मीही तेच करत बसले.
मेक क्लीन. मेक. मेक क्लीन. मेक.

"काहून वं, पुसून जुळते का?
जळकी मोटर आली का मी पहिले तार तोडतो?
मोजतो.
किती वेढे, कोन्त्या गेजची, कोन्त्या खाचेतून कुठी गेली.
वहीत लिहितो. मंग तोडतो."

त्यानं वही सरकवली.
उईके, पाच एचपी, छत्तीस खाचा.
त्याच्याखाली मी माझ्या कर्नलचं नाव लिहिलं,
टिंबासकट, डॅशसकट,
शेवटी एक्क्याण्णव.
नेमके तेच हेडर शोधायला अर्धा दिवस गेला.

तिसऱ्या रात्री लाईन शेताकडे गेली, गाव काळं.
इन्व्हर्टरवर मेक.
मग मॉडप्रोब, आणि एंटर.

काहीच आलं नाही.
एरर नाही, शाबासकी नाही,
नुसता कर्सर, लुकलुकत.
कर्नल गप्प राहिला म्हणजे मानलं,
हे मला उशिरा कळलं.
कोपऱ्यात पंख्यासारखी खूण उघडली.
खाली एकच नाव: ग्रामपंचायत. त्याला कुलूप.

"फिरली का?" खाटेवरून मामा.
"फिरली."
"लोडवर?"
"लोडच नाई गावात."
तो हसला, कूस बदलली.

मी वहीत तारीख टाकली.
पुढच्या अपडेटला आकडा बदलेल, हे पुन्हा जळेल.
खाली चार ओळी कोऱ्या सोडल्या.