करवतीचे दात

आलेखाचा कागद, वहीतून फाडलेला, चहाचा डाग पडलेला,
त्यावर शालिकमामांनी भरलेली घरं, पेन्सिलीनं.
एक घर म्हणजे काठातले चार धागे.
मी त्याचं चित्र केलं: अठ्ठेचाळीस घरं रुंद,
बारा उंच. चिमणीच्या डोळ्याएवढं.
साडीच्या पानावर ते दहापट ताणलं
आणि मोबाइल मामांपुढं धरला.

आंधळगावात दुपार. लाइन गेलेली,
हातमागाचं त्यानं काही अडत नाही,
माग थांबला होता जेवणामुळे.
मामांनी डोळे किलकिले केले.
"माह्या करवतीचे दात कोनं घासले, पोरी?"
त्यांचे स्वतःचे तीनच उरलेत. मामी फस्सकन हसली.

खरंच, दात नव्हते.
लाल आणि कोशाचा पिवळट यांच्यामध्ये
धूर सोडल्यासारखं काहीतरी.
म्हटलं, ब्राउझर करतो तसं.
मोठं करताना मध्ये जागा पडते,
तो शेजारच्यांना विचारतो
आणि मधला रंग स्वतःच ठरवतो.
"मधला?" भाताचा हात ताटावरच थांबला.
"तीन धोटे चालवतो मी, लाल लालातच रहावा म्हनून.
मधला रंग मी रंगवलाच नाई.
त्यानं कुठून आनला?"

याला माझ्याजवळ उत्तर नव्हतं,
एक ओळ होती.
इमेज-रेंडरिंग, दोन टिंबं, पिक्सलेटेड.

टॉवर लांब. पान बराच वेळ पांढरं,
मग दात. कोपऱ्याला कोपरा.
मामांनी बोट लावून पाहिलं, जणू टोचेल.
सतराव्या घरातली पेन्सिलीची चूक
तीही दहापट झाली होती.
पुसू का, विचारलं.
"राहू दे. ते माहं आहे."

खाली कौतिकाबाईंचा फोटो होता,
मामांची थोरली बहीण, माग शिकवणारी;
बटनवाल्या फोनातला, तिकिटाएवढा.
नियम तिलाही लागला.
डोळ्याच्या जागी एक काळी वीट,
गालावर सात विटा, कपाळ म्हणजे भिंत.
मामीनं पदर तोंडाला लावला.
"हिले नको करू व असं."

मग नियमाला नाव दिलं, काठ,
तेवढ्यालाच लागेल असं बांधून टाकलं.
कौतिकाबाई पुन्हा धूसर झाल्या,
ब्राउझरला सुचेल तशा.
मला वाटलं, मामा आता भांडतील.

ते हात धुऊन मागाच्या खड्ड्यात उतरले,
धोटा उचलला, तसाच धरून बसले.
"तिथं होता," म्हणाले,
"मधला रंग."