हलकं भरलं

सोळा जण आम्ही, अंजनगावचे,
बहुतेक पेन्शनवाले, दोन जावई, एक नात.
परतवाड्याला चहा, घाटात दोन उलट्या,
आणि चिखलदऱ्याला गाडीचं दार उघडलं
तेव्हा समोर गाइड उभी : फुलवंती मावसकर.
गळ्यात शिट्टी, पायात कापडी बूट.

कड्यावर नेऊन म्हणाली,
"कीचकाले भीमानं इथूनच ढकललं म्हन्तात.
आता ढकलनं बंद हाय.
आता आमी पावती फाडतो."

सगळे हसले. मग तार दिसली.
या टेकडीवरून त्या टेकडीवर,
आणि मधे नुसती जागा.

जावयांना एकाएकी कॉफीची बाग पाहायची होती.
मी पुढे झालो. का, ते अजून सांगता येत नाही.
मंदाकिनीनंही विचारलं नाही.
तिनं रुमाल पसरला,
मी त्यात घड्याळ, पाकीट
आणि वरची कवळी ठेवली.

"पयले वजन," पोरगा म्हणाला
आणि पायानंच एक काटा पुढे सरकवला.

एकतीस वर्षं मी बाजार समितीत कापूस मोजला.
बंड्या, मेटाडोर, नाकातोंडात रुई,
दिवसातून दोनशे वेळा एकच वाक्य :
काट्याजवळ उभं राहू नका.
काट्यावर उभं राहायची पाळी
आज पहिल्यांदा.

"बावन्न. जराशे हलके भरले बाबा.
पन चालते."

मांड्यांतून, छातीवरून पट्टे आवळले.
गाठोडं तयार झालं.
मग जमीन संपली.

मी ओरडलो म्हणे.
मला आठवतो तो चाकाचा आवाज,
अख्खं थान एका दमात फाडावं तसा,
आणि पोट मागेच राहिलेलं,
रुमालात, कवळीशेजारी.

पलीकडचा कडा पन्नास हातांवर असताना
चाक दमलं.
मागे आलं. पुढे गेलं. पुन्हा थोडं मागे,
पोतं ठेवल्यावर सुई करते तसं,
आणि थांबलं.

खाली मोहाचं झाड.
बुंध्याभोवतीची जमीन जाळून काळी केलेली,
काळ्यावर फुलं,
आणि टोपली घेऊन वेचणारी एक बाई.
माझी सावली तिच्या हातावरून दोनदा गेली
तेव्हा तिनं मान वर केली.

"अटकले काय?"
"हो."
"वजन कमी पडलं असन."
"हो."
"येते पोट्टा. रोजचंच हाय."

आणि पुन्हा वेचायला लागली.
फूल टोपलीत पडल्याचा आवाज येत नाही,
पण मला येत होता.

वारा सुटला की मी फिरायचो.
कधी गाविलगड समोर, कधी माझी माणसं,
कड्यावर मोहरीएवढी, हात हलवणारी.

वाऱ्यानं काटा हलते, भाऊ,
असं मी लोकांना सांगायचो. खरंही असायचं.
दोनदा वारा नव्हता.
दोन्ही वेळच्या बंड्या आठवतात,
एकीच्या बैलाचं शिंगसुद्धा.

पोरगा आला, तारेला उलटा लटकत,
हातावर हात टाकत, घरच्या ओसरीत यावा तसा.
"भेव लागलं काय बाबा?"

मी त्याला सगळं सांगितलं.
बंड्या, साल, सुई, माझा अंगठा.
कवळी नव्हती तोंडात.
त्याला काय कळलं कोण जाणे.
"हव ना," तो म्हणाला,
"हवा लई हाय इथं,"
आणि मला ओढत घेऊन गेला.

दुपारी झुणका, भाकरी, ठेचा.
भीमकुंडापाशी फोटो. त्यात मी हसतोय,
दात लावून.

निघताना सगळे गाडीत बसले
तेव्हा मी पावतीच्या खोपटापाशी गेलो.
काटा तिथंच, उन्हात तापलेला.
चप्पल काढून चढलो.
सुई हलत होती.

"उतरा आता," मंदाकिनी मागून म्हणाली,
"गाडी थांबली हाय तुमच्यासाठी."

"थांब," मी म्हटलं,
"स्थिर होऊ दे."