आमचं, आपलं

कोन्सोर्सिया सुमागायसाय
पहाटे साडेचारला उठायची.
इलोइलोच्या नदीवर होड्यांचे दिवे अजून जागे असायचे.
शाळेची घंटा व्हायच्या आत
कुणाचं तरी एक पान
ती हिलिगायनॉनमधून उचलून
इंग्रजीत नेऊन ठेवायची,
न सांडता.

पानामागे मिळायचं ते
दुधाच्या डब्याने मोजलेल्या तांदळाएवढं.
कधी तेही नाही.
स्वतःच्या अकरा गोष्टी ट्रंकेत होत्या,
वाळवीने त्यातल्या दोन वाचल्या.

तिच्या भाषेत 'सिया' म्हणजे तो.
'सिया' म्हणजे तीही.
मनिलाचा संपादक लाल शाईने विचारायचा:
दारात उभं आहे ते कोण? पुरुष की बाई?
ती समासात लिहायची:
लेखकाने दार उघडलेलं नाही.
मी कशी उघडू?

(बाई, मी हे मराठीत लिहितो आहे,
आणि 'लिहितो' म्हटलं की माझं बिंग फुटलं.
आमच्याकडे उठलं तरी कळतं, बसलं तरी कळतं.
तुमच्या त्या दारातल्या माणसाला
'आला' म्हणता येणार नाही, 'आली' म्हणता येणार नाही.
फार तर, 'कुणीतरी आलंय',
आणि चहाचं आधण वाढवायचं.)

पण दुसऱ्या एका शब्दापाशी
मी तुमच्या शेजारी निवांत बसलो असतो.
'आमोन': आमचं, तुला वगळून.
'आतोन': आपलं, तुला धरून.
इंग्रजीत दोन्हींना एकच भांडं.
तुम्ही त्याच्यापायी चाळीस वर्षं कागद फाडले,
आणि इथे आमची पोरं
खेळातून कट्टी घेतानासुद्धा
तो फरक बिनचूक करतात.

भाऊ तेओपिस्तो व्हँकुव्हरला गेला
त्याच्या चौथ्या पत्रात 'आमोन बालाय' आलं.
आमच्या घरामागे सफरचंदाचं झाड आहे,
आमच्या घरात जिना आहे.
आईला डोळ्यांनी दिसत नव्हतं.
वीज गेलेली, डासांची उदबत्ती अर्ध्यावर,
कोन्सोर्सिया मेणबत्तीशी पत्र धरून वाचत होती
आणि त्या शब्दापाशी आल्यावर
पहिल्यांदा, अगदी पहिल्यांदा,
तिने मुळाशी बेइमानी केली.
हिलिगायनॉनमधून हिलिगायनॉनमध्ये.
'आतोन बालाय', ती म्हणाली,
आपल्या घराला जिना आहे, आई.

आई बराच वेळ गप्प.
मग म्हणाली,
त्याला लिही, जिन्याला कठडा लावून घे.
मला धरायला लागेल.

पुढे आई गेली. खूप पुढे कोन्सोर्सिया.
तेओपिस्तो आला, दोन मुलांना घेऊन,
त्यांना बिस्किटं आणि पत्ते खेळणारे शेजारी
एवढंच समजत होतं.
मयत घरात असेतो केर काढायचा नाही,
असा तिकडचा रिवाज.
त्यामुळे टेबलाखाली सगळं तसंच पडलेलं:
खोडरबराचा चुरा, पेन्सिलीची सालं,
नाकारलेले शब्द लिहिलेले चिटोरे.
तो वाकून ते बघत राहिला.
एकही उचलला नाही.

पुरून आल्यावर
शेजारणीने कोपऱ्यातला झाडू दिला.
त्याने तो नुसताच हातात धरला,
आणि विचारलं,
आज राहू दे का हे, आपण उद्या काढूया?

हासिंता म्हातारीने मान वर केली.
चाळीस वर्षांत 'आपण' म्हणाला होता.

राहू दे, ती म्हणाली,
आणि कॉफी ठेवायला आत गेली.