तळाशी उरलेलं

डोंगरावरून आमचं गाव तपकिरी दिसतं.
नांगरलेलं, धुपलेलं, वर्षानुवर्षं खरवडलेलं.
मधोमध एक हिरवा ठिपका,
मोठ्या इंजेरावर कुणी भाजीचा एकच घास ठेवावा
आणि जेवायचं विसरून जावं, तसा.

त्या ठिपक्याच्या पोटात चर्च आहे, गोल.
आजोळची माणसं म्हणत,
चर्चला वस्त्र हवं, झाडं हे त्याचं वस्त्र.
मला लहानपणी वाटायचं,
मग आमच्या शेतांना कुणी उघडं केलं?
विचारलं नाही. मार मिळाला असता.

शाळेत निसर्ग मंडळ निघालं
ते हिरव्या टोप्या आल्या म्हणून.
मी टोपीसाठी गेले,
हब्तामू माझ्यासाठी आला,
आणि दोघांच्याही हाती पोतं पडलं.

सणाच्या दुसऱ्या दिवशी बाटल्या गोळा करायच्या.
झऱ्याचं पवित्र पाणी लोक लांबून न्यायला येतात,
अर्धं तिथंच पितात, कपाळाला लावतात,
आणि बाटली जुनिपरखाली टाकून
हात जोडून निघून जातात.
आम्ही मोजल्या: बाराशे बेचाळीस.
झाकणं वेगळी.

पोती बांधली तेव्हा गेटनेट आडवा आला.
सतरा वर्षांचा डीकन, दाढी जेमतेम फुटलेली,
आवाज मात्र चारशे वर्षांचा.
"यात तीर्थ होतं. कचऱ्यात कसं टाकता?"
हब्तामू म्हणाला, "मग जंगलात कसं टाकलं?"
भांडण पेटलं. माकडंही गप्प झाली.
शेवटी ठरलं,
प्रत्येक बाटली उलटी करायची,
तळाचे थेंब रोपांच्या मुळाशी.
मी भराभर ओतू लागले
तर गेटनेट कळवळून म्हणाला,
"ओतू नकोस. पाज."

अंधार पडेपर्यंत पाजत होतो.
एका रोपाला चारपाच थेंब.
कशाला पुरणार होते ते?

एक गोष्ट मी मंडळात सांगितली नाही.
महिन्याच्या त्या दिवसांत
मला आतल्या भिंतीपलीकडे जाता येत नसे.
आई आत, बहिणी आत, ढोल आत, धूप आत,
मी बाहेर, रानऑलिव्हच्या बुंध्याला टेकून.
प्रार्थना पानांतून गाळून यायची,
अर्धी ऐकू येई, अर्धी मी जुळवून घेई.
पहिल्या वर्षी रडले.
दुसऱ्या वर्षी साल कुठे गुळगुळीत आहे ते पाठीला कळलं.
तिसऱ्या वर्षी, खोटं का बोलू,
ते दिवस लवकर यावेत असं वाटायचं.
झाडानं कधी विचारलं नाही
कितवा दिवस म्हणून.

आता बहिर दारला असते, हिशेब शिकते.
परवा बसमध्ये शेजारच्या मुलानं
रिकामी बाटली खिडकीबाहेर टाकली,
पिचकारी मारावी इतक्या सहज.
मी काही बोलले नाही.
बोलायला हवं होतं.
माझ्या हातातली बाटली मात्र सुटेना.
वोरेताला उतरले, चढले, हात तसाच.
तीन दिवस ती खोलीच्या खिडकीत उभी होती,
तळाशी दोन घोट.
साधंच पाणी, दुकानातलं, लेबल लावलेलं.

ही श्रद्धा म्हणावी का?
गेटनेट नाही म्हणेल.
मंडळाच्या तक्त्यात यासाठी रकाना नाही.
मलाही खात्री नाही.
एवढं खरं की बोटं उघडताना
मला पाठीला ती साल लागते.

आज खाली उतरले.
अंगणात एकच निलगिरी आहे,
तहानलेलं, परकं झाड,
त्याला कुणी कधी वस्त्र म्हटलेलं नाही.
वाकले, बाटली तिरपी केली,
हळू, थेंबाथेंबानं.

वरून घरमालकीण ओरडली,
"अगं वुबालेम, पाणी काय सांडतेस!
दोन दिवस नळ आलेला नाही."