माशा बांधणारी

अब्बा फोनवर विचारतात, तिथे नेमकं काय करतेस?
मी म्हणते, माशा बांधते.
पलीकडे म्हाप्रळला थोडा वेळ नुसती खरखर.
मग म्हणतात,
मारतात असं ऐकलं होतं.

अजमानमध्ये, टायरच्या दुकानामागे,
दोन ट्यूबलाइट, एक ठिबकणारा एसी
आणि चिमट्यात धरलेला करंगळीएवढा गळ.
त्यावर हरणाच्या शेपटीचे केस, आधी काळे, मग नारिंगी,
चमकीची दोन पाती,
मग दोरा, दोरा, दोरा,
शेवटी डोळा, आणि डोळ्यावर डिंकाचा थेंब.
आधी मी अबायांवर खडी लावायची.
हाताला फारसा फरक कळत नाही.
एवढंच, की अबायाला कोणी चावत नाही.

दिवसाला चाळीस. वाकड्या मोजत नाहीत.
इथून त्या झांबेझीला जातात,
काही नासर तलावाला, तिथला पर्च म्हणे बकऱ्याएवढा होतो.
नकाशात दोन्ही पाहिलेत मी.
एक निळी रेघ, एक निळा डाग.

रात्रपाळीचा रखवालदार मुबिता त्या रेघेवरचा.
पूर चढला की त्यांचं अख्खं गाव होड्यांत बसून उंचावर जातं,
भांडी, कोंबड्या, म्हाताऱ्या, सगळं.
तो सांगतो वाघमाशाबद्दल. त्यांच्या बोलीत न्ग्वेशी.
अंगावर काळे पट्टे, तोंड मिटलं तरी दात बाहेर,
आणि तोंडात मांस नाहीच, सगळं हाड.
दहा झडप घालतात, एक लागतो.
तोही उडी मारून डोकं झाडतो
आणि तुझी माशी थुंकून टाकतो.

म्हणून दोरीच्या टोकाला पोलादी तार.
म्हणून शेवटची गाठ मी दोरा दातात धरून आवळते,
सावित्रीच्या खाडीत अब्बा पागाची कड धरायचे
तशी.

दुकान बंद झाल्यावर पार्किंगमध्ये तो मला फेकायला शिकवतो,
शेंडा मोडलेल्या, कोणी परत न नेलेल्या काठीने.
मागे फेक. थांब.
दोरी मागे सरळ होऊ दे. मग पुढे.
मी थांबतच नाही. दोरी माझ्याच गळ्यात येते.

सोमवारी एक गिऱ्हाईक परत आलं, नाक उन्हाने सोललेलं.
काउंटरवर माझी माशी टाकली:
एकाच माशात उसवली!
कुरियन साहेबांनी वहीत माझ्या नावापुढे काहीतरी लिहिलं.
कुठे माशी शिंकली ते मी बघत बसले.
एक डोळा गेलेला, केस निम्मे,
आणि दोऱ्यावर आडवे चरे, ओळीने,
करवतीने काढावेत तसे.

मुबिताने ती आधी हुंगली.
मग नखाने चरे मोजले, पुन्हा मोजले.
मादी, म्हणाला. पाच किलो. नाही, सहा.
कसं कळलं?
कळलं नाही, म्हणाला. वाटलं.

त्या रात्री पक्कडीने गळाचं टोक मोडून
तीच माशी आम्ही दोरीला बांधली.
एसीच्या पाण्याचं डबकं होतं टायरांच्या थप्पीशी,
त्यात दिव्याचा पिवळा तुकडा.
मागे फेकली. थांबले.
दोरी सरळ झाल्याचं खांद्याला कळलं.
माशी डबक्यात उतरली, आवाजसुद्धा न करता,
मी ती थोडी ओढली, थोडी सोडली,
आणि पिकअपच्या खालून काहीतरी नारिंगी सुटलं.

मुबिता ओरडला, न्ग्वेशी!
मी ओरडले, मावशी!
काठी वाकली, दोरी तळहातातून सरसरत गेली,
पाणी उडालं, तट्कन तुटली,
आणि मांजर माझी सहा किलोची माशी तोंडात धरून
पुन्हा गाडीखाली.

मावशी म्हणजे काय, त्याने विचारलं.
आमच्याकडे मांजर वाघाची मावशी असते, मी म्हटलं.
त्याला यात काही हसण्यासारखं वाटलं नाही.
विचार करून म्हणाला,
दहात एक.
म्हणजे बाकीचे नऊ अजून तिथेच असतील.

आणि बॅटरी पेटवून आम्ही दोघं
गाडीखाली वाकून बघत राहिलो.